‘वतन’ म्हणजे देश नव्हे

आजचा धागा तीन अक्षरांच्या एका शब्दाविषयी आहे. तो शब्द आपण सगळेच रोज ऐकतो आणि त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे, अशी आपली खात्री असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त फसवतात ते असेच शब्द. अपरिचित शब्द आला की आपण कोश उघडतो. परिचित शब्द आला की पुढे वाचत जातो.

निमित्त एका चित्राचे आहे. मध्यंतरी समाजमाध्यमांवर कान्होजी जेधे यांच्यावरचे एक चित्र बरेच फिरले. चित्र सुरेख होते, भावनाही प्रामाणिक होती. खाली हिंदीत एक ओळ होती. तिचा आशय असा की, वतनासाठी सर्वस्वावर पाणी सोडणारा वीर. ती वाचून मी थांबले, कारण ज्या प्रसंगाचे ते चित्र होते त्या प्रसंगात कान्होजींनी पाणी सोडले ते नेमके वतनावरच.

प्रसंग १६५९चा. अफजलखान स्वारीवर निघाला तेव्हा मावळातल्या देशमुखांना आदिलशाही फर्माने गेली: खानाला येऊन मिळा. रोहिडखोऱ्याच्या परिसरातले खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कारीचे कान्होजी जेधे आपल्या मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे आले. जेधे घराण्याच्या करीन्यात पुढची हकिकत आहे. महाराजांनी त्यांना स्पष्ट विचारले की, खानाकडे न गेलात तर वतनाला मुकाल, त्याचे काय? त्यावर कान्होजींनी शहाजीराजांजवळ वाहिलेल्या शपथेचा हवाला दिला आणि वतनावर पाणी सोडले. आपण आजही एखादी गोष्ट गमावल्यावर ‘पाणी सोडले’ म्हणतो, तेव्हा दानाच्या वेळी हातावरून उदक सोडण्याची ती जुनी कृतीच आपल्या बोलण्यात असते.

आता ‘वतन’ शब्दाचा हिंदी चित्रपटांतला अर्थ, म्हणजे मातृभूमी, या प्रसंगाला लावून पाहा. कान्होजींनी मातृभूमीवर पाणी सोडले असा अर्थ होतो. आणि खंडोजी खोपडे? ते वतनासाठीच खानाकडे गेले होते. म्हणजे सतराव्या शतकातल्या मराठीत वतनाला जागलेला माणूस खोपडे ठरतो आणि वतन सोडणारा जेधे. शब्द तोच, अक्षरे तीच, पण नायक आणि प्रतिनायक यांची जागा पूर्ण उलटते. म्हणूनच हा केवळ शब्दकोशाचा प्रश्न आहे असे मला वाटत नाही.

मग मराठीत ‘वतन’ म्हणजे काय? गावाच्या किंवा परगण्याच्या कारभारातले वंशपरंपरागत पद, त्या पदाला जोडलेली जमीन, गावाच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा आणि मानपान, हे सगळे मिळून वतन. गावात पाटील आणि कुलकर्णी, परगण्यात देशमुख आणि देशपांडे, पेठेत शेटे आणि महाजन. याशिवाय चौगुले, सुतार, लोहार, न्हावी, गुरव, महार, मांग अशा अनेकांची आपापली वतने. ‘लेकराचे लेकरी’ हा हक्क चालावा असे वतनपत्रांत लिहिलेले असते. पोळ्याला पहिला बैल कुणाचा, होळीची पहिली पोळी कुणाची, विडा आधी कुणाला, हे सगळे वतनात मोडे, आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालत. उकळत्या तुपातून किंवा तेलातून धातूचा तुकडा उघड्या हाताने काढून दाखवण्याचे रवादिव्य लोकांनी केले, तेही बहुधा वतनाच्या तंट्यांतच.

येथे एक चूक कबूल करते. मोडी शिकताना मला पहिल्याच महिन्यात एक खरेदीखत वाचायला मिळाले. त्यात कुणीतरी निम्मे वतन विकत दिल्याची नोंद होती. अक्षरे मला बरोबर लागली होती, पण अर्थ काही केल्या लागेना. निम्मा देश विकणारा हा कोण? शिक्षक हसले आणि म्हणाले, अर्धी पाटीलकी विकली आहे, देश आहे तिथेच आहे. त्या दिवसापासून कागद वाचताना ओळखीच्या शब्दांची मला अधिक धास्ती वाटते.

अभ्यासाच्या पुस्तकांतही एक वेगळी गफलत दिसते. तिथे वतनाचा अर्थ बरेचदा ‘जहागीर’ असा देऊन मोकळे होतात. जहागीर ही चाकरीच्या मोबदल्यात नेमून दिलेली महसुलाची तजवीज. ती बदलते, काढून घेता येते, चाकरी संपली की तीही संपते. वतनाचे तसे नाही. निजामशाही गेली, आदिलशाही आली, मोगल आले, मराठे आले, तरी गावचा पाटील तोच. दुष्काळात किंवा धामधुमीत परागंदा झालेले घराणे पुढच्या पिढीत परत येऊन गोतसभेपुढे आपला हक्क सांगू शके, आणि शेजारच्या गावांतले वतनदार ‘होय, हे यांचेच’ अशी साक्ष देत. त्या साक्षीचा कागद म्हणजे महजर. माणूस गावात नसला तरी त्याचे वतन गावात असे.

आता हा शब्द आला कुठून ते पाहू. मूळ अरबी. जुन्या अरबीत ‘वतन’ म्हणजे माणूस जिथे वस्ती करून राहतो ती जागा. तेराव्या शतकाच्या अखेरीस इब्न मंझूरने सिद्ध केलेल्या ‘लिसान अल्-अरब’ या प्रचंड कोशात या शब्दाखाली माणसाच्या निवासाबरोबर गुरे-मेंढरे बसतात त्या जागेचाही उल्लेख आहे. म्हणजे घर, मुक्काम, गोठा. राष्ट्राचा मागमूसही नाही. इस्लामी धर्मशास्त्रात हा शब्द येतो तोही अगदी व्यावहारिक कारणाने. प्रवाशाला नमाज संक्षिप्त करण्याची सवलत आहे, तेव्हा प्रवासी कोण आणि वस्तीकर कोण हे ठरवावे लागते. हनफी मतानुसार कुठेही पंधरा दिवस राहण्याचा निश्चय केला की तेवढ्यापुरते ते ठिकाणही एका अर्थाने ‘वतन’ होते. पंधरा दिवसांचे वतन! त्यासाठी कोण प्राण देणार?

हा साधा, घरगुती अर्थ सगळ्यांत जपला आहे तो आपल्या शेजाऱ्यांनी, म्हणजे गुजरातीने. गुजरातीत वतन म्हणजे मूळ गाव. सुटीत वतनात जायचे, वतनातले घर दुरुस्त करायचे. मुंबईच्या लोकलमध्ये एका बाकावर तीन माणसे बसली आहेत असे समजा. गुजराती माणसाच्या तोंडी ‘वतन’ आले तर त्याला सौराष्ट्रातले गाव आठवत असते, हिंदी किंवा उर्दू बोलणाऱ्याच्या तोंडी आले तर देश, आणि मराठी माणसाने जुन्या अर्थाने वापरले तर पणजोबांची पाटीलकी. तिघेही एकच शब्द बोलत आहेत आणि तिघेही बरोबर आहेत. (उर्दूतही गावाचा अर्थ अगदी नाहीसा झालेला नाही. जुन्या शायरांचे वतन म्हणजे अनेकदा त्यांचे शहर असे.)

तर मग देश हा अर्थ आला केव्हा? फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युरोपातून ‘पितृभूमी’ची राजकीय कल्पना पूर्वेकडे पसरू लागली, तेव्हा तिला शब्द हवा होता. इजिप्तचा रिफाआ अल्-तहतावी १८२६ ते १८३१ पॅरिसमध्ये होता. परतल्यावर त्याने आपल्या लेखनात ‘वतन’ या शब्दात ती नवी कल्पना ओतली. तुर्कस्तानात नामिक केमालचे ‘वतन याहुत सिलिस्त्रे’ हे नाटक १८७३मध्ये इस्तंबूलला रंगमंचावर आले. प्रेक्षक इतके पेटले की सरकारने नाटककाराला सायप्रसमधल्या फामागुस्ता इथे हद्दपार केले. तिथून इराण, हिंदुस्थान, सगळीकडे ‘वतन’ मोठे होत गेले आणि गावाच्या वेशीतून निघून देशाच्या सीमेपर्यंत पोचले.

त्या काळातला एक तुर्की संदर्भ मला अतिशय आवडतो. अहमद जेवदेत पाशा हा तुर्की इतिहासकार आणि मुत्सद्दी. सैनिकांना वतनाच्या नावाने चेतवावे का, या चर्चेत त्याने एक शंका काढली. आशय असा, की आपल्या शिपायाला ‘वतन’ म्हटले तर त्याच्या डोळ्यांपुढे फार तर गावातला चौक येईल. त्याच्या नजरेने ती अडचण होती. मला मात्र ते वाचताना मावळातला शिपाई दिसला. त्यालाही वतन म्हटल्यावर गावातली चावडीच दिसली असती, आणि त्या चावडीवर आपली बसण्याची जागा कोणती, हेही.

दख्खनेत राहण्याच्या जागेपासून वंशपरंपरागत हक्कापर्यंत हा शब्द कसा आला, याचे माझे उत्तर असे आहे. बहमनी आणि पुढच्या सुलतानी राजवटींत फारसी ही दफ्तराची भाषा झाली. गावातले पद, जमीन आणि मान यांचा गठ्ठा इथे आधीपासून होता. फारसी जाणणाऱ्या कारकुनाला त्याला नाव द्यायचे होते. ज्याचे घर गावात पिढीजात रोवलेले आहे त्यालाच हा हक्क आहे, हे त्याला दिसत होते. गावात मुळे असणे आणि गावात हक्क असणे या दोन गोष्टी त्या समाजात वेगळ्या नव्हत्याच. पिढीजात जमीन कसणारा मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा उपरी, हा भेदही त्याच जातीचा. तेव्हा ‘वतन’ या शब्दाने इथे अर्थ बदलला असे म्हणण्यापेक्षा, घराबरोबर घराचा हक्कही आपल्या पोटात घेतला असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते. कन्नडमध्येही वतन आणि वतनदार याच अर्थाने रुळले. आदिलशाहीचे दफ्तर दोन्ही भाषकांवर एकच होते.

उत्तरेत मोगलांनी अशीच एक जोड दिली. राजपूत राजांची स्वतःची पिढीजात भूमी त्यांच्याकडेच ठेवायची आणि तिला ‘वतन जागीर’ म्हणायचे. इतर मनसबदारांच्या जागिरी दर काही वर्षांनी बदलत. आमेर किंवा जोधपूर बदलत नसे. १६७८मध्ये जसवंतसिंह वारल्यावर औरंगजेबाने जोधपूर खालशात घेतले, तेव्हा राठोड का उसळले हे ‘वतन’ शब्द समजल्याशिवाय कळत नाही. पगार बंद होण्याचे दुःख एक, आणि घरातून उठवले जाण्याचे दुःख वेगळे.

मराठी राज्यात तर या शब्दाने राज्यकर्त्यांची कायम पंचाईत केली. शिवाजी महाराजांच्या धोरणाविषयी सभासद सांगतो, त्यात गावोगावचे वाडे, हुडे आणि कोट बांधून बसलेल्या वतनदारांना जरब बसवल्याचे वर्णन येते. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य याहूनही रोखठोक आहेत. वतनदार हे नुसते बोलण्यापुरते नाव, खरे म्हणजे हे लहान का होईना पण स्वतंत्र सत्ताधीशच आहेत आणि राज्याचे भाऊबंद असल्यासारखे वागतात, असा त्यांच्या विवेचनाचा सूर आहे. त्यांना फार मोकळे सोडू नये आणि फार दुखवूही नये, हा त्यावरचा त्यांचा उपाय. पंतांनी हे अनुभवातून लिहिले. १६८९नंतरच्या धामधुमीत मोगल एका बाजूने वतनाच्या सनदा देऊ करत होते आणि छत्रपती राजाराम महाराजांना दुसऱ्या बाजूने तशाच सनदा द्याव्या लागत होत्या. एकाच वतनाचे दोन दावेदार दोन छावण्यांत, असे तेव्हा सर्रास घडे.

आणि गंमत अशी की खुद्द राज्याने आपला सर्वांत मोठा दावा मांडला तोही वतनाच्याच भाषेत. चौथाई आपल्याला पाठ असते. सरदेशमुखीकडे दुर्लक्ष होते. महसुलावर दहा टक्क्यांची ही मागणी दख्खनच्या सरदेशमुखाचा हक्क म्हणून होती. १७१९मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. त्यांतली सरदेशमुखी छत्रपतींचे वतन मानली जाई. दिल्लीशी झुंजणारा राजाही ‘हे माझे वतन आहे’ या भाषेत हक्क सांगतो, कारण त्या काळी याहून भक्कम भाषा उपलब्ध नव्हती. पेशव्यांच्या भट घराण्याला श्रीवर्धनच्या देशमुखीचा अभिमान होता. १७८४मध्ये बादशहाकडून वकील-इ-मुतलकी मिळवलेले महादजी शिंदे स्वतःला पाटील म्हणवून घेण्यात धन्यता मानत. दिल्लीचे पद ही कमाई होती, पाटीलकी ही ओळख होती.

म्हणून ‘वतनाचा लोभ’ हा शब्दप्रयोग मला नेहमीच अपुरा वाटतो. लोभ होताच, भाऊबंदांचे खून पाडण्याइतका होता. पण वतन गेले म्हणजे नुसते उत्पन्न गेले असे नाही. गोतातली जागा गेली, लग्नकार्यातला मान गेला, गावात ‘हे कोण’ या प्रश्नाचे उत्तर गेले. कान्होजींच्या कृतीचे मोल या मापाने मोजावे. त्यांनी काय सोडले हे कळले तरच त्यांचा त्याग दिसतो. ‘देशासाठी सर्व काही सोडले’ या गुळगुळीत वाक्यात सोडलेली वस्तूच अदृश्य होते. आणि त्यांनी ते कशासाठी सोडले? करीना सांगतो त्याप्रमाणे दिलेल्या शब्दासाठी, एका घराण्याशी राखलेल्या इमानासाठी. त्याला आजचे राष्ट्रप्रेम म्हणण्याची घाई मी करणार नाही. तसे म्हटले नाही म्हणून त्याची उंची तसूभरही कमी होत नाही.

एक बारीक मुद्दा इथेच सांगते. करीना म्हणजे घराण्याच्या हक्काची, वतनाच्या पूर्वपीठिकेची लेखी हकिकत. वतनावर पाणी सोडल्याची ही कथा आपल्यापर्यंत पोचली ती वतनाच्या हक्कासाठी जपलेल्या कागदातून. साधन वाचताना ही गोष्ट डोळ्याआड करू नये. प्रसंग त्यामुळे खोटा ठरत नाही, पण कागद कुणी आणि का जपला हे विचारणे आपले कामच आहे.

या धाग्याचा मसुदा मी एका मित्राला दाखवला. त्याचे म्हणणे असे: शब्दांचे अर्थ बदलतात, लोक आज वतन म्हणजे देश समजतात, तर समजू देत, तुम्ही अभ्यासक लोक उगाच पांडित्य दाखवता. आजच्या बोलण्यात वतनाचा अर्थ देश होतो याला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती आजचा अर्थ मागे नेऊन जुन्या कागदावर चिकटवण्याला. त्याने दोन नुकसाने होतात. पहिले मी वर सांगितले: सतराव्या शतकातली माणसे ‘देशभक्त’ आणि ‘गद्दार’ अशा दोन खोक्यांत बसवली जातात आणि त्यांच्या आडनावांचे आजचे लोक त्यावरून एकमेकांना शिव्या देतात. दुसरे नुकसान मला अधिक गंभीर वाटते.

वतनाच्या यादीत वर मी महार आणि मांग हे शब्द पटकन लिहून पुढे गेले. आपल्या बहुतेक चर्चांतही तसेच होते. वतन म्हटले की वाडा, जरीपटका आणि देशमुखी. पण वतन शब्दाने ज्यांचे आयुष्य सर्वांत घट्ट बांधले होते ते वाड्यात राहत नव्हते. महार वतनदाराने सरकारी निरोप पोचवायचा, सारा तालुक्याला न्यायचा, येणाऱ्या अंमलदाराची सरबराई करायची, गावाची राखण करायची. रात्री-अपरात्री बोलावणे आले तरी जायचे. तो नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे, कारण सेवा माणसावर नव्हती, घराण्यावर होती. मोबदला काय? थोडी वतनी जमीन आणि गावाकडून मिळणारे बलुते. म्हणजे चाकरी सरकारची आणि भाकरी गावाच्या मर्जीवर. माणसाने मान वर केली की गावाने बलुते बंद करायचे.

इंग्रजांनी ही व्यवस्था मोडली नाही; १८७४च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने, ज्याला वतन कायदा म्हणत, तिला कलमे आणि पोटकलमे मिळाली. १९२८मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते पुढे मागे घ्यावे लागले. १९३९मध्ये नगर जिल्ह्यात हरेगावला महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद झाली, तिथेही विषय हाच. या सगळ्या काळात त्यांना एक लढाई आपल्याच लोकांशी करावी लागली. वतन हा आपला पूर्वापार हक्क आहे, बादशहाने दिलेला मान आहे, तो कसा सोडायचा, असे मानणारेही समाजात होते. ज्याला बाबासाहेब गुलामगिरी म्हणत होते त्याचे नाव ‘वतन’ होते, आणि त्या नावाला मानाचा वास होता. कान्होजींना वतन सोडणे जड गेले असेल. इथे बेडी सोडणे जड जात होते, कारण तिचे नाव वतन होते.

आता या वतनावर ‘मातृभूमी’ हा अर्थ चढवून पाहा. काय हाती लागते?

पुढचे थोडक्यात. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५०च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने, १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने, आणि महाराष्ट्राने १९६२च्या कायद्याने मुलकी पाटलांचा हुद्दा संपवला. क्रम पाहा, आणि मधल्या कायद्याच्या नावातला ‘कनिष्ठ’ हा शब्दही पाहा. रद्द करतानासुद्धा कायद्याला उतरंड विसरता आली नाही.

मराठीने मात्र या शब्दाची एक आठवण ठेवली आहे. हिंदीत ‘वतनपरस्त’ ही स्तुती आहे. मराठी वर्तमानपत्रात ‘वतनदारी’ शब्द आला की तो टीकेचा असतो: अमक्या घराण्याची राजकीय वतनदारी, सहकारी संस्थेतली वतनदारी. हिंदी माणसाला हे मथळे शब्दशः वाचून दाखवले तर तो गोंधळेल. आपण गोंधळत नाही, म्हणजे जुना अर्थ आपल्या कानात अजून आहे. मग कागद वाचतानाच तो कुठे हरवतो, हे मला कळत नाही.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी जुने सातबारा उतारे आणि फेरफार एकदा काढून पाहावेत. काहींना तिथे ‘इनाम वर्ग ६ ब’ अशी नोंद सापडेल. ती गावकामगारांच्या वतनी जमिनीची. पुढे ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असेल, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. अशी नोंद सापडली तर त्याच फेरफारात खाली नावे कुणाची आहेत, आणि आज त्या जमिनीवर प्रत्यक्ष कोण उभे आहे, हे घरातल्या जाणत्या माणसांना विचारा. मोडी कागद असतील तर वाचायला मी मदत करीन. पुढचा धागा ‘मिरास’ या शब्दावर.